निसर्गाच्या शाळेतील भावंडे
(महाजन कुटुंबांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



ज्या घराच्या देवघरात किंवा सोप्यावर राजा रविवर्मा यांची लक्ष्मी वा सरस्वती चौकटीत बसवून लावलेली नव्हती, असे जुने घर आपल्यांत शोधूनच काढावे लागेल. रविवर्मा यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्यांच्या धाकट्या बंधूंचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. सी. राजराज वर्मा (१८६०-१९०५) हे स्वतः सिद्धहस्त निसर्गचित्रकार होते. ज्येष्ठ बंधूंसमवेत त्यांनी देशभर प्रवास केला, त्यांच्या चित्रकार्यास हातभार लावला आणि त्या सहजीवनाची दैनंदिनीही लिहून ठेवली. थोरल्यांचा ओढा मनुष्याकृतीकडे, तर धाकट्यांचा डोंगर, पाणी आणि आकाश यांजकडे. १९०५ च्या आरंभी धाकटे बंधू निवर्तले आणि पुढच्याच वर्षी थोरलेही गेले.

एका घरातील दोन भावंडांनी एकाच कलेस वाहून घेणे हा योग दुर्मिळ असला, तरी नवा नव्हे. आजच्या काळात हा योग पाहावयाचा असेल, तर महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाजवळ, पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात गंजाड या गावी जावे लागेल. तुषार आणि मयूर वायेडा हे दोघे तरुण बंधू तेथे राहतात व तेथेच चित्रे काढतात. तुषार यांचा जन्म १९८७ चा, मयूर यांचा १९९२ चा. दोघेही वारली समाजाचे. त्यांच्या चित्रांवर दोघांचीही नावे जोडीने येतात. चेन्नईच्या तारा बुक्स या प्रकाशनसंस्थेने त्यांच्या चित्रांनी नटलेली बालकांसाठीची पुस्तके काढली आहेत. जपानी कलावंतांशी त्यांचा स्नेह जुळला. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे डिसेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत भरलेल्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. एवढा मान मिळूनही या बंधूंनी गंजाड सोडले नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. तिचे कारण समजून घ्यावयाचे, तर आधी त्यांच्या कलेचे मूळ पाहिले पाहिजे.

वारली चित्र हे मुळात शोभेचे चित्र नव्हे. ते एक मंगल कार्य आहे. विवाहप्रसंगी घराच्या आतील भिंतीवर 'चौक' लिहिला जातो. चित्र 'लिहिणे' हाच शब्द तेथे रूढ आहे, आणि आपल्याकडेही 'चित्र लिहिणे' हा प्रयोग जुन्या पोथ्यांतून आढळतो. हा चौक लिहिण्याचा अधिकार परंपरेने सवासिनींचा. मध्यभागी पालघट देवी, सभोवती झाडे, पाखरे, जनावरे, नाचणारी माणसे. धवलेरी गाणी म्हणते आणि त्या गाण्यांच्या संगतीने चौक पुरा होतो. चौकावाचून लग्न लागत नाही, इतके त्याचे महत्त्व.

साहित्य म्हणावे तर सारे परसदारचे. कारवीच्या किंवा बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर माती व शेण यांचे सारवण, त्यावर गेरूचा हात. रंग एकच, पांढरा, आणि तोही तांदळाच्या पिठाचा. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाशी दातांनी चावून मऊ केलेली. जे धान्य पोट भरते त्याच धान्याने देवीची आकृती उमटते. वारल्यांच्या देवतांत धान्याची देवी कणसरी आहे, वाघदेव आहे आणि 'हिरवा' या नावाचाही देव आहे. ज्या समाजाने रानाच्या रंगाचेच नाव देवास दिले, त्याच्या कलेची प्रेरणा निराळी कशास सांगावयास हवी?

आकृतींचा हिशेबही असाच साधा. सूर्य व चंद्र यांचे वर्तुळ, डोंगराचा व वृक्षाग्राचा त्रिकोण, आणि मनुष्याने आखलेल्या जागेचा चौकोन. दोन त्रिकोण टोकास टोक लावून ठेवले की मनुष्याचे शरीर झाले. तेवढ्यावर पेरणी, लावणी, कापणी, मासेमारी, शिकार, लग्न असा सगळा संसार उभा राहतो. वाळलेल्या दुध्या भोपळ्याचा तारपा वाजविणारा मध्ये असतो आणि नाचणारे स्त्रीपुरुष एकमेकांस धरून त्याच्याभोवती वेटोळे घालतात. तारप्याकडे कोणी पाठ करीत नाही. या चित्रांत मनुष्य झाडाहून लहान दिसतो. मुंगी, खेकडा, पाखरू यांनाही माणसाइतकाच मान असतो. निसर्गाची नक्कल करणे निराळे आणि निसर्गात आपले स्थान ओळखून रेघ ओढणे निराळे. वारली चित्र हे दुसऱ्या प्रकारचे आहे.

ही कला भिंतीवरून कागदावर आली ती १९७० नंतरच्या काळात. भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने वारली पाड्यांवर जाऊन तेथील लोकांच्या हाती कागद व रंग दिले. गंजाडचेच जिव्या सोमा म्हशे (१९३४-२०१८) पुढे आले. बालपणीच पोरके झालेले हे मूल बोलेनासे झाले होते आणि धुळीत रेघा ओढून मनातले सांगत असे. मनुष्याने वाचा हरवली तेव्हा मातीने त्यास भाषा दिली, असेच म्हणावे लागते. त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन मुंबईस १९७५ साली झाले, पुढे युरोपातही त्यांची कीर्ती गेली आणि २०११ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू हेही चित्रकारच झाले. म्हणजे गंजाडात भावंडांनी चित्रे लिहिण्याची ही काही पहिलीच वेळ नव्हे.

जिव्या म्हशे यांनी ही कला विवाहमंडपातून बाहेर आणली आणि पुरुषांच्या हाती दिली. वायेडा बंधू हे त्यानंतरच्या पिढीचे. हातात आधुनिक रंग आहेत, कापड आहे, परदेशी जाण्याचा मार्ग खुला आहे. असे असता त्यांनी निवडलेला विषय कोणता? बी, झाड, जनावर, पृथ्वी. आणि आपल्या समाजाच्या वृद्धांकडून ऐकलेल्या सृष्टीच्या कथा. वारली चित्रकलेची विद्या त्यांस आपल्या गावी मिळाली. दूरदेशीच्या चित्रकारांशी ते बरोबरीने बोलू शकतात, कारण त्यांच्याजवळ सांगण्यासारखे स्वतःचे काही आहे. गाव सुटले असते, तर ते सांगणेच संपले असते.

हे केवळ वारल्यांचेच वैशिष्ट्य आहे असे मानण्याचे कारण नाही. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, नार्नूर नावाचे मंडल आहे. त्या भागात तेलुगूसोबत मराठी आणि गोंडीही कानी पडते. तेथील राजगोंड दिवाळीच्या दिवसांत दंडारीचा उत्सव करतात. त्यात नाचणारे गुसाडी मोरपिसांचा भव्य मुकुट मस्तकी धारण करतात आणि अंगास राख फासतात. रानात गळलेले पीस आणि चुलीतील राख हेच त्यांचे अलंकार. या नृत्याचे गुरू, मार्लवाईचे कनक राजू, यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली; २०२४ साली ते कालवश झाले. याच नार्नूर मंडलातील गुंजाळा गावात गोंडी भाषेची जुनी हस्तलिखिते जपून ठेवलेली आढळली. त्यांतील लिपीस आज गावाचेच नाव आहे आणि २०१८ साली संगणकाच्या जागतिक लिपिसंचात तिला स्थान मिळाले. कोण्या वृद्धाने ती बाडे कापडात गुंडाळून ठेवली नसती, तर विद्वानांनी अभ्यास कशाचा केला असता? नृत्य असो, लिपी असो वा चित्र असो, ते प्रथम घरात टिकते आणि मग जगात पोहोचते.

परंतु घर टिकण्यास परिसर टिकावा लागतो, आणि येथेच खरी चिंता आहे. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे केंद्र सरकारने १९९१ साली जाहीर केले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली तेथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अनेक वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले. त्याच किनाऱ्यावर वाढवण येथे मोठे बंदर बांधण्यास २०२४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचा शिलान्यास झाला. विकासाची गरज कोणी नाकारीत नाही. मच्छीमार व आदिवासी यांचे आक्षेपही पोकळ नाहीत. त्याचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. एवढेच म्हणावयाचे की ज्या चित्रकाराचे झाड, पाखरू आणि खाजण हेच गुरू, त्याच्या गुरूंचे काय होते ही चौकशी त्याच्या चाहत्यांनी केली पाहिजे.

वारली चित्रास २०१४ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. आज ते नक्षीकाम पेल्यांवर, चादरींवर, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणांवर दिसते. कुडाच्या जागी विटा आणि सिमेंट आले, आणि सारवलेली भिंतच राहिली नाही तर चौक लिहावयाचा कोठे? बाजारात चित्र वाढावे आणि घरात ते आटावे, हा विपरीत प्रकार आहे.

महाजन बंधूंनो, हा प्रश्न केवळ डहाणूचा मानून स्वस्थ बसता येणार नाही. वारली चित्रात तांबड्यावर पांढरे असते. आपल्या कोकण-गोव्याच्या जुन्या देवळांतून व घरांतून पांढऱ्यावर तांबडे होते. ती आपली कावी कला. शिंपल्यांच्या चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यावर कावेचा तांबडा थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार सळईने कोरून खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा. वेली, कमळे, पक्षी, दशावतार, सारे याच रीतीने भिंतीवर अवतरत. चुना समुद्राचा, काव मातीची. वारली चौक आणि आपली कावी ही एका अर्थाने भावंडेच म्हणावयाची.

ती कोठे गेली? कित्येक देवळांच्या जीर्णोद्धारात, उत्तम हेतूने, भक्तांच्याच देणग्यांतून, तिच्यावर तेलरंग चढले. कोठे गिलावाच खरवडला गेला आणि चकचकीत फरशा बसल्या. कोणी द्वेषाने केले नाही. जुने म्हणजे जीर्ण आणि नवे म्हणजे वैभव, एवढीच ती समजूत. 'पिकते तिथे विकत नाही' ही म्हण आपण सहज उच्चारतो; परंतु जे पिकते ते उपटून टाकण्याचा दोष त्या म्हणीत नाही, तो आपला.

म्हणून दोन सूचना विनम्रपणे पुढे ठेवावयाच्या आहेत. जीर्णोद्धाराचा ठराव होण्यापूर्वी प्रत्येक महाजन संस्थेने आपल्या वास्तूच्या जुन्या भिंती जाणकारांकडून पाहून घ्याव्यात, त्यांची छायाचित्रे काढून दप्तरी ठेवावीत आणि जेथे कावीचा अंश उरला असेल तेथे रंगाऱ्याचा हात थांबवावा. हे काम खर्चाचे नाही, लक्ष देण्याचे आहे.

दुसरी सूचना मुलांविषयी. चवथीच्या माटोळीसाठी कांगलां, माट्टी, कवंडळ आणण्यास पूर्वी घरातील भावंडे वडीलधाऱ्यांबरोबर रानात जात. कोणते फळ कोणत्या वेलीस लागते हे ती त्या वाटेवरच शिकत. आज माटोळीचे सामान बाजारातून पिशवीत येते आणि मुलांस फळ दिसते, वेल दिसत नाही. वर्षातून एकदा तरी बहीणभावांस रानात न्यावे. परत आल्यावर पाहिलेले त्यांनी एकाच कागदावर मिळून काढावे. त्यात बहिणीस मागे ठेवू नये, कारण चौक लिहिणारे मूळ हात स्त्रियांचेच होते. चित्र चांगले उतरले वा न उतरले, तरी दोघांनी मिळून एक गोष्ट नीट पाहिली, हा लाभ लहान नाही. उत्सवाच्या दिवसांत अशा चित्रांसाठी सभामंडपात एखादी जागा राखून ठेवता येईल.

गंजाडच्या त्या बंधूंना कोणी मोठ्या शहरातून आणून घडविले नाही. त्यांच्या गावी सारवलेली भिंत होती, कथा सांगणारे वृद्ध होते आणि दाराशी रान होते. आपल्या मुलांसाठी यांपैकी काय उरले आहे आणि काय राखता येईल, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने आपापल्या घरी करावा, ही प्रार्थना. ग्रामदेवता सर्वांस तशी सद्बुद्धी देवो.