पाण्यातल्या आया

आम्ही जुईनगरच्या बायका बोलतोय. आमच्याकडे आता लोकल गाड्या आणि उंच इमारती दिसतात, पण ही मूळची आगरी-कोळ्यांची भूमी. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आज नवी मुंबईच्या नळांना खालापूरकडच्या मोरबे धरणाचं पाणी येतं. विहिरीवर जाणं सुटलं, तशा साती आसराही विसरल्या गेल्या.

तुमच्या गावात त्या अजून असतील. पाण्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड, पुढे हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात.

पाण्यात आई पाहणाऱ्या आपण एकट्याच नाही. दोन हजार वर्षांपूर्वी युरोपात केल्ट लोक राहत. फ्रान्समधल्या मार्न नदीचं जुनं नाव मात्रोना, म्हणजे आईच. त्या काळच्या दगडी शिल्पांत तीन आया शेजारी बसलेल्या दिसतात. कुणाच्या मांडीवर बाळ, कुणाकडे फळं नाहीतर पाव. सेन नदीच्या उगमाशी सेक्वाना देवीला लोक लाकडात कोरलेले हातपाय, डोकी वाहत. १९६३ साली तिथल्या उत्खननात अशा शेकडो वस्तू निघाल्या. आपण नवसाला चांदीचे डोळे वाहतो, तसंच ते.

आता आसरांची नावं ऐका. मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी. म्हणजे मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर. आणखी दोघी आहेत, जातुपी आणि सोमपा. पाण्यातल्या जिवांचीच नावं बहुतेकींना दिली आहेत. मग विहिरीत पूजेच्या प्लॅस्टिकच्या पुड्या टाकल्या, ओढ्यात औषधाचे डबे धुतले, तर आपण कुणाच्या घरात घाण करतो?

ओटी काठावरच भरा, पाण्यात काही टाकू नका. पावसाळ्याआधी गटाने विहिरीचा परिसर झाडून घ्या. जलजीवन मिशनमध्ये दर गावात पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायची सोय आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. नेमल्या नसतील तर आपली नावं द्या.

आणि लेकराला जुलाब लागले, तर आसरांचा कोप म्हणून अंगारा लावून थांबू नका. आशाताईंकडून ओआरएसची पुडी घ्या, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून घोटघोट पाजत राहा आणि दवाखाना गाठा. आई कुठलीही असो, लेकरू वाचलेलंच तिला हवं असतं.