उमेदवारीची वर्षे

(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



डोंबिवली म्हटले की सकाळची लोकल आणि तिच्या दारात लोंबकळणारी माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या चित्रपटाने ती प्रतिमा सर्वदूर नेली. याच डोंबिवलीत वाढलेले दिग्दर्शक रवी जाधव यांच्या उमेदवारीच्या काळाविषयी आज बोलावयाचे आहे.

त्यांचा पहिला चित्रपट ‘नटरंग’ जानेवारी २०१० मध्ये प्रदर्शित झाला. डॉ. आनंद यादव यांच्या कादंबरीतील शेतमजूर गुणा पिळदार शरीराचा अभिमान सोडून तमाशात नाच्या होतो. अतुल कुलकर्णी यांनी ती भूमिका केली. चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि नवा दिग्दर्शक अचानक उगवल्याचा भास झाला. वस्तुस्थिती निराळी होती. मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण आणि त्यानंतर कित्येक वर्षे जाहिरातक्षेत्रातील नोकरी, अशी त्यामागे तयारी होती. अर्ध्या मिनिटात गोष्ट सांगावयाची, म्हणजे प्रत्येक चौकट आधी कागदावर उतरवावी लागते.

पुढचा चित्रपट ‘बालगंधर्व’ (२०११). दोन्हींत पुरुष स्त्रीरूप धारण करतो. पोशाख, रंगभूषा, प्रकाश यांत तसूभर चूक झाली तर प्रेक्षक हसेल. तो हसला नाही, याचे बरेचसे श्रेय मी चित्रकलेत तयार झालेल्या नजरेला देतो. पुढे प्रसाद ओक दिग्दर्शित ‘कच्चा लिंबू’ (२०१७) मध्ये जाधव स्वतः नट म्हणून उभे राहिले. गतिमंद मुलाच्या पित्याची ती अवघड भूमिका होती. स्थिरावलेल्या दिग्दर्शकाने दुसऱ्याच्या हाताखाली पुन्हा उमेदवारी करावी, हे मला विशेष वाटते.

आता थोडे स्वतःविषयी. मी गणिताचा शिक्षक होतो. वार्षिक परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास हक्काने मागून घेत असे. एकदा शेवटच्या बाकावरील मुलाची वही जप्त केली. पानांच्या कोपऱ्यांत त्याने आगगाडी काढली होती. पाने भराभर उलटली की ती धावू लागे. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. वही परत दिल्याचे मला आठवत नाही.

म्हणून एक विनंती आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांना शाळेतून किती मुले बसतात, हे पंचायत सदस्यांनी भेटीच्या वेळी जरूर विचारावे. आणि चित्रकलेचा तास प्रत्यक्ष होतो का, हे मुख्याध्यापकांना नव्हे, मुलांना विचारावे.