परदेशी निघालेल्या मुलांचे लसीकरण
(वार्षिक सभेत बालरोगतज्ज्ञांनी केलेले भाषण)



मुलांसह अमेरिकेस निघालेली कुटुंबे आमच्या विभागात येतात, ती बहुधा तिकीट हाती आल्यावर. "सर्व लसी झाल्या आहेत," असे आई खात्रीने सांगते. पण कार्ड सापडत नाही. तेथील शाळा तोंडी सांगण्यावर नव्हे, तारखांच्या लेखी नोंदीवर विश्वास ठेवते. नोंद नसल्यास बऱ्याचदा लसी पुन्हा घ्याव्या लागतात.

कार्ड असले तरी अडचण उरते. आपल्याकडे गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात, कारण येथे गोवर लहान वयातच गाठतो. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसापूर्वीचा हा डोस शाळाप्रवेशासाठी धरला जात नाही. आईकडून लाभलेल्या प्रतिपिंडांमुळे त्या वयात लसीचा प्रभाव कमी पडू शकतो. शिवाय गालगुंड व कांजिण्यांच्या लसी आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाहीत. तेथील बहुतेक राज्यांत त्या आवश्यक असतात. गोवर-गालगुंड-रुबेला लसीच्या दोन डोसांत किमान २८ दिवसांचे अंतर लागते. म्हणून प्रस्थानापूर्वी तीन महिने तरी या.

आणखी एक सूचना. आपली ५/८ ही तारीख, म्हणजे पाच ऑगस्ट, तेथे आठ मे अशी वाचली जाते. महिना अक्षरांत लिहून घ्यावा.

देणगीदारहो, आपल्या साहाय्याने टोचलेला प्रत्येक डोस कागदावर उरला, तरच तो मुलाबरोबर सागरापार जातो. पालकहो, पासपोर्टाइतकेच हे कार्ड जपा.