खुर्चीत बसून कुंभार्ली घाट
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून मला चार जणांनी विचारलं, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस, पण नेमकं करतेस काय?" संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात सांगते. मी मोबाइल ॲप तपासते. त्यातही अशी ॲप, जी तुम्ही कुठे उभे आहात ते पाहून वागतात. रिक्षा बोलावणारं, जवळचं औषधाचं दुकान दाखवणारं, कामावर पोहोचल्यावर हजेरी लावणारं. चिपळूणला एक वागणूक, कराडला दुसरी. मग ते तपासायला प्रत्येक गावी जायचं का? नाही. ते पुण्यातल्या टेबलावर बसून कसं होतं, हाच आजचा विषय.

आधी एक गैरसमज दूर करू. जीपीएसचा उपग्रह तुमच्यावर नजर ठेवत नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून तो फक्त "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत" असं सांगत फिरतो. फोन ते ऐकतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो आणि निदान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्वतःची जागा ठरवतो. जोडीला मोबाइलचे टॉवर आणि आसपासचे वायफायही वापरतो. ॲप यातलं काहीच करत नाही. ते फोनला विचारतं, "आपण कुठे आहोत?" आणि येईल त्या उत्तरावर विश्वास ठेवतं.

आमचं काम इथेच सोपं होतं. उत्तर फोनऐवजी आम्ही द्यायचं. संगणकाच्या पडद्यावर चालणारा नकली अँड्रॉइड फोन असतो, त्याला अक्षांश-रेखांश दिले की तो तिथे 'पोहोचतो'. आयफोनच्या नकली फोनमध्ये तर शहरात धावणं, सायकल चालवणं, महामार्गावर गाडी हाकणं असे प्रवास तयारच मिळतात. खऱ्या अँड्रॉइड फोनमध्येही डेव्हलपरसाठीच्या सेटिंगमध्ये बनावट स्थान देणारं ॲप निवडता येतं. माझ्या भावाने एकदा कराडहून कुंभार्ली घाटाने येताना फोनवर सगळा रस्ता नोंदवून घेतला. कोणत्या क्षणी कुठे, याची ती जीपीएक्स नावाची फाइल असते. तो घाट मी तेव्हापासून टेबलावर बसून शेकडो वेळा उतरले आहे, कधी खऱ्या वेगाने, कधी दहापट. पेट्रोल शून्य!

भूगोलाच्या बाईंनी अक्षांश-रेखांश पाठ करून घेतले तेव्हा आपण कुरकुरलो होतो. माझा तर पगारच आता त्यावर चालतो. चिपळूण साधारण १७.५३ उत्तर, ७३.५१ पूर्व. आता गंमत बघा. काही प्रणाली अक्षांश आधी मागतात, काही रेखांश. आकड्यांची अदलाबदल झाली की चिपळूण थेट नॉर्वेच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात जाऊन पडतं. आणि ॲपला जागा सापडली नाही, पण त्याने मुकाट्याने शून्य-शून्य धरलं, तर तुम्ही आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. त्या जागेला आमच्या धंद्यात 'नल आयलंड' म्हणतात. बेट वगैरे तिथे काही नाही.

पण नुसता ठिपका हलवणं म्हणजे तपासणी नव्हे. माणसाने परवानगीच नाकारली तर? अचूक नको, अंदाजे जागाच सांग म्हटलं तर? घाटात सिग्नल गेला आणि फोन वीस मिनिटांपूर्वीची जागा सांगत राहिला तर? शिवाय परदेशातला ग्राहक तपासायचा तर फक्त ठिपका दुबईला नेऊन भागत नाही. फोनचं घड्याळ, भाषा, सिमचा देश, इंटरनेटचा पत्ता, सगळं तिथलंच हवं. नाहीतर माणूस दुबईत आणि घड्याळ भारतात, असं अर्धवट सोंग होतं.

आता ज्यासाठी हा विषय निवडला ते सांगते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचं हजेरीचं ॲप माझ्याकडे आलं. वापरणार होत्या कारखान्यांत सफाई करणाऱ्या बायका. कामाच्या जागेभोवती ५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ. फोन आत तर हजर, बाहेर तर गैरहजर, आणि गैरहजर तर त्या दिवसाची मजुरी नाही.

फोन जागा सांगताना सोबत आणखी एक आकडा देतो, अचूकतेचा. अँड्रॉइडवर त्याचा अर्थ असा, की खरी जागा या ठिपक्याभोवती इतक्या मीटरच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनातल्या एका वेळी ती त्याहूनही लांब असू शकते. मोकळ्या मैदानात हा आकडा लहान असतो. पत्र्याच्या छपराखाली, उंच भिंतींमध्ये तो वाढतो. बनावट स्थान देताना हाही आकडा आपल्याला ठरवता येतो. मी ठिपका वर्तुळाच्या दहा मीटर बाहेर ठेवला आणि अचूकता दिली ८० मीटर. ॲपने बेधडक सांगितलं, गैरहजर. अचूकतेचा आकडा ते बघतच नव्हतं.

बैठकीत उत्तर मिळालं, "क्वचित होईल असं." मी म्हटलं, "ज्या बाईचं रोजचं काम पत्र्याच्या शेडमध्ये आहे, तिला ते क्वचित नाही, रोज होईल." वाद झाला. शेवटी नियम बदलला. फोनलाच खात्री नसेल तेव्हा 'गैरहजर' न लिहिता 'खात्री बाकी' लिहायचं आणि मुकादमाने पाहून ठरवायचं. ॲप बाहेर पडण्याआधी हे झालं, म्हणून कोणाची मजुरी बुडाली नाही. यासाठी मला त्या कारखान्यात जावं लागलं नाही, पण त्या शेडमध्ये मनाने उभं राहावं लागलं.

खुर्चीतून सगळं दिसतं असं मात्र मी म्हणणार नाही. स्वस्त फोनची बॅटरी दुपारी संपते, बॅटरी वाचवायला फोन मागे चाललेलं ॲप बंद करून टाकतो, घामेजल्या बोटाला पडदा दाद देत नाही. म्हणून शेवटी तिथल्याच कोणाला तरी फोन देऊन एक दिवस फिरायला सांगतेच. आणि हीच युक्ती घरी लोळत हजेरी लावायलाही वापरतात. अँड्रॉइड ॲपला सांगतो, की हे स्थान बनावट आहे. पण ते ओलांडणारेही असतात. तेव्हा ठिपक्यावर पूर्ण भरवसा ठेवून माणसाला खोटं किंवा खरं ठरवू नये, हे दोन्ही बाजूंनी लागू आहे.

मुलींनो, तुमच्यासाठी एक. माझा मुलगा लहान होता तेव्हा गावोगाव फिरतीची कामं मला घेता आली नाहीत. टेबलावरच्या या तपासणीने माझी नोकरी टिकली. आज हे काम शिकायला लागणारी साधनं फुकट मिळतात. एक बरा संगणक हवा, आणि भूगोलाचं पुस्तक फेकून देऊ नका!