जुन्या मोटारीचा निळा धूर

आज जो विषय मी आपणांपुढें मांडणार आहें तो ऐकून कांहीं जण म्हणतील कीं, हा प्रश्न मिस्त्र्याचा, गृहस्थाचा नव्हे. मलाहि पुष्कळ वर्षें तसेंच वाटत असे. परंतु घरांतली जुनी मोटार एके दिवशीं भंगारवाल्याच्या दारांत उभी करण्याची पाळी आली, आणि मग या प्रश्नांत मला जबरीनें लक्ष घालावें लागलें.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापूरकरांना या गाडीविषयीं थोडा आपलेपणा वाटला तर तो क्षम्य समजावा. आपल्याच गांवीं १८८२ सालीं जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट ११०० ही गाडी बाहेर पडूं लागली. हिलाच पुढें पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती साऱ्या देशाला ठाऊक झाली; त्यांतली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निघाली. खासगी घरांतून मात्र अशा गाड्या अजून नांदत आहेत. माझ्या वडिलांनीं ती १९८६ सालीं घेतली. ते गेल्यानंतर दोन वर्षें गाडी पडवींत ताडपत्रीखालीं उभी होती.

पुढच्या वैशाखांत आईला तुळजापूरला न्यावें म्हणून मीं ती बाहेर काढली. पहिल्याच दिवशीं मागें निळा धूर दिसला आणि खालच्या फरशीवर तेलाचे थेंब. दोनतीनशें किलोमीटर होतात न होतात तोंच तेल जवळजवळ दीड लिटर कमी झालें. मीं काय केलें? घाटांत तेल कमी पडूं नये म्हणून पट्टीवरच्या वरच्या खुणेच्याहि वर, चांगलें लिटरभर, तेल ओतलें. तुळजापूरचा घाट चढतांना इंजिन ओरडत होतें आणि गाडी पुढें सरकत नव्हती. क्लच घसरत होता. त्या उन्हांत आईला रस्त्याच्या कडेला बाभळीखालीं बसवून दुसऱ्या वाहनाची वाट पाहावी लागली. ती एक शब्दहि बोलली नाहीं, हेंच मला अधिक लागलें.

शहरांतल्या एका गॅरेजवाल्यानें गाडी पाहून, किंबहुना न पाहतांच, निकाल दिला कीं इंजिन संपलें. बोअर करा, पिस्टन घाला, क्रँक घासा. खर्चाचा आकडा गाडीच्या किंमतीच्या वर जात होता. धाकट्या भावाचें मत वजनावर विकून टाकावी असें पडलें, आणि भंगारवाल्याशीं माझी बोलणीहि झालीं. गाडी रिकामी करतांना डॅशबोर्डच्या खणांत वडिलांची लहानशी वही सांपडली. पेट्रोल, तेल आणि किलोमीटर यांची नोंद ते शेवटपर्यंत ठेवीत. त्या वहीनें गाडी वांचविली. कशी तें सांगण्यापूर्वीं रोगाचें स्वरूप सांगितलें पाहिजे.

इंजिनाच्या सिलिंडरांत दट्ट्या वरखालीं होतो. पद्मिनीचा सिलिंडर ६८ मिलिमीटर रुंद, दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. असे चार मिळून १०८९ घन सेंटिमीटर. दट्ट्या आणि भिंत यांमध्यें थोडी फट ठेवावीच लागते, कारण तापल्यावर धातु फुगतो. ती फट बंद करण्यासाठीं दट्ट्याच्या खांचांत रिंगा बसविलेल्या असतात. परंतु रिंगेलाहि एका ठिकाणीं कापलेलें तोंड असतें, म्हणून नव्या कोऱ्या इंजिनांतहि स्फोटाच्या वायूचा थोडा अंश रिंगांना चुकवून खालीं तेलाच्या कोठींत उतरतो. याला इंग्रजींत ब्लो-बाय म्हणतात. आमचे मिस्त्री ‘इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतें’ असें म्हणतात. या वायूंत न जळलेलें पेट्रोल असतें, पाण्याची वाफ असते, काजळी असते. तो आंत कोंडला तर तेल नासतें. म्हणून त्याला बाहेर जाण्यास वाट ठेवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात. फार जुन्या गाड्यांत ही नळी सरळ खालीं रस्त्यावर उघडत असे. या वायूमुळें शहरांची हवा बिघडते असें लक्षांत आल्यावर १९६० नंतर अमेरिकेंत, प्रथम कॅलिफोर्नियांत, तो पुन्हां इंजिनांतच ओढून जाळण्याची पद्धत पडली, आणि मग सर्वत्र ही नळी एअर फिल्टरकडे किंवा कार्बोरेटरच्या खालच्या अंगाला वळविली गेली.

आतां ध्यानांत घ्या. वाट मोकळी आहे पण निसटणारा वायु फार आहे, हा एक रोग. वायु नेहमीइतकाच आहे पण वाट बुजली आहे, हा दुसरा. दोहोंचीं बाह्य लक्षणें पुष्कळशीं सारखींच. तेलाच्या कोठींत दाब वाढतो, तेल जेथें मिळेल तेथून बाहेर पडतें, पट्टी आपल्या जागेवरून वर उचलली जाते, क्रँकच्या टोकांशीं गळती लागते. पहिल्याचा उपाय हजारों रुपयांचा, दुसऱ्याचा वाटीभर रॉकेलचा. तेव्हां आधीं कोणता रोग आहे तें न पाहतां इंजिन खोलणें म्हणजे खोकला आला म्हणून छाती चिरण्यासारखें आहे.

वडिलांच्या वहीप्रमाणें शेवटच्या वर्षांत गाडी हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर तेल खात होती. जुन्या इंजिनाला हें फार नव्हे. आमच्या पेठेंतल्या एका वृद्ध मिस्त्र्यानें ती वही चष्मा लावून वाचली आणि एवढेंच विचारलें, “दोन वर्षें गाडी चालली नाहीं, मग बोअर झिजला कधीं?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें, त्या गॅरेजवाल्याजवळहि नसतें. झीज ही चालण्यानें होते. उभें राहिल्यानें होतें तें चिकटणें आणि बुजणें.

त्यानें जी तपासणी केली ती कोणाहि गृहस्थाला समोर उभें राहून करवून घेतां येईल. धुराचा रंग प्रथम पाहावा. निळा धूर तेलाचा, काळा अधिक पेट्रोलचा, आणि इंजिन तापल्यावरहि न थांबणारा पांढरा धूर पाण्याचा. मग निळा धूर केव्हां येतो तें पाहावें. सकाळीं सुरू करतांना एक लोट येऊन थांबला, किंवा उतारावर पाय काढून पुन्हां दाब देतांना आला, तर संशय झडपांच्या दांड्यांभोंवतालच्या गाइडांवर घ्यावा. चढावर जोर देतांना सतत येत राहिला तर रिंगांवर.

त्यानंतर तेलाची पट्टी. तेल खुणेच्या वर असेल तर क्रँक त्यांत आपटून फेंस करते आणि तो सिलिंडरांच्या भिंतींवर उडतो. माझा घाटांतला पराक्रम तो हाच. तेल न घालतांहि पातळी वाढत असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोलपंपाचा पडदा फाटल्याचा संशय घ्यावा. या गाड्यांत तो पंप इंजिनाच्या अंगालाच असतो, आणि फाटक्या पडद्यांतून पेट्रोल खालीं कोठींत उतरतें. असें पातळ झालेलें तेल बेअरिंगांचा घात करतें, म्हणून या एका बाबतींत उद्यांवर टाकूं नये.

मग इंजिन तापवून, मंद चालूं ठेवून, तेल भरण्याचें टोपण काढावें आणि तेथेंच उलटें ठेवावें. थोडें थरथरलें तर चिंता नाहीं. उडून पडूं लागलें, किंवा भोंकांतून चुलीसारखे धुराचे ठोके येऊं लागले, तर वायु फार सांचतो आहे. आमचें टोपण उडालें. मिस्त्र्यानें ब्रीदरची नळी सोडविली. बाहेरून धडधाकट, आंतून रबर फुगून एकमेकांस चिकटलेलें. तिच्या मुळाशीं असलेली तारेची जाळी काळ्या चिकट गाळानें लिंपून गेली होती. जाळी रात्रभर रॉकेलमध्यें भिजत ठेवली, नळी नवी घातली, जास्तीचें तेल काढून नवें भरलें. दुसऱ्या दिवशीं टोपण नुसतें थरथरत होतें.

पण धूर पुरता गेला नव्हता, आणि येथें मिस्त्र्याचें कौतुक करावेंसें वाटतें कीं, त्यानें विजय जाहीर केला नाहीं. त्यानें दाब मोजला. चारहि प्लग काढून, ठिणगीची तार सोडवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर फिरवावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आंकडा पाहावा. आमचे आंकडे १२०, ११८, ८४ आणि ११६ पौंड असे आले. आंकडा किती यापेक्षां एकमेकांत फरक किती याला महत्त्व अधिक. आठदहा टक्क्यांचा फरक जुन्या इंजिनांत चालतो, तिसऱ्याचा चालण्यासारखा नव्हता. मग त्या सिलिंडरांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजलें: ११२. तेलानें फट क्षणभर बुजली आणि दाब वाढला, म्हणजे दोष रिंगांचा. दाब वाढला नसता तर तो झडपांचा किंवा हेडच्या गॅस्केटचा ठरला असता. जेथें कॉम्प्रेसर आहे तेथें दट्ट्या माथ्यावर आणून प्लगच्या भोंकांतून हवा सोडतात आणि कान लावून ऐकतात. तेलाच्या तोंडाशीं फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरशीं आली तर धूर सोडणारी झडप, कार्बोरेटरशीं आली तर आंत घेणारी, आणि रेडिएटरमध्यें बुडबुडे आले तर गॅस्केट.

उभ्या गाडीची रिंग काजळी आणि सुकलेलें तेल यांनीं खांचेंत जखडते. तिसऱ्या सिलिंडरांत गंज सोडविणारें तेल घालून तीन रात्री ठेवलें, रोज सकाळीं इंजिन हातानें थोडें फिरविलें. प्लग बसविण्यापूर्वीं स्टार्टर फिरवून तें सर्व बाहेर उडवून टाकावें लागतें. हें विसरल्यास दट्ट्यावर सांचलेला द्रव दाबला जात नाहीं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर इंजिनांतलें तेलहि बदललें. दाब १०२ वर आला. पूर्ण बरा नव्हे, पण चालेल असा.

नव्या रिंगा घालण्याची वेळ आलीच तर दोन गोष्टी आग्रहानें मागाव्या. सिलिंडरचें माप वर, मध्यें आणि खालीं, आडवें आणि उभें, असें घेऊन दाखवा म्हणावें. झीज मर्यादेंत असेल तर बोअर करण्याचें कारण नाहीं, पण गुळगुळीत झालेली भिंत होनिंग करून किंचित् खरखरीत करावीच लागते, नाहींतर नव्या रिंगा बसत नाहींत. आणि प्रत्येक रिंगेच्या तोंडाची फट सिलिंडरांत घालून मोजावी. या मापाच्या सिलिंडरला ती पाव मिलिमीटरच्या जरा वर असते, आणि तिन्ही रिंगांचीं तोंडें एकाखालीं एक येतां कामा नयेत.

सोलापूरच्या हवेविषयीं दोन शब्द. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या आडरस्त्यांवर धुळीचे लोट उठतात. धुळींतले वाळूचे कण रिंग आणि भिंत यांमध्यें कानशीचें काम करतात. एअर फिल्टरचा कागद फाटका, किंवा त्याची पट्टी सैल, अशी गाडी एका उन्हाळ्यांत जेवढी झिजते तेवढी एरवीं कित्येक वर्षांत झिजत नाहीं. तेल २०-डब्ल्यू-५० या जातीचें घालावें. धूर थांबावा म्हणून त्याहून दाट तेल घालण्याची युक्ति कांहीं विक्रेते ग्राहकाच्या गळीं उतरवितात. तिनें दोष झांकतो, बरा होत नाहीं.

या सर्व कामांत सर्वांत अधिक पैसे कशाला पडले म्हणाल तर क्लचच्या प्लेटीला. कोठींतला दाब आणि मीं ओतलेलें जास्तीचें तेल मिळून क्रँकच्या मागच्या टोकांतून तें थेट तिच्यावर गेलें होतें, आणि तेलांत भिजलेली प्लेट धुऊन पुन्हां कामाची होत नाहीं. धुराचा दाखला मिळाला, नोंदणीचें नूतनीकरण झालें, आणि कार्तिकांत आई तुळजापूरला जाऊन आली. घाटांत मीं दुसऱ्या गियरवर आणली तेव्हां तिनें फक्त मागें वळून कांचेंतून रस्त्याकडे पाहिलें. गाडी आतां हजार किलोमीटरला सहाशें मिलिलिटर तेल खाते. तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा येत्या पावसाळ्यांत बदलाव्या असा बेत आहे. तोंपर्यंत दर रविवारीं सकाळीं पट्टी पुसून पाहतों आणि आंकडा त्याच वहींत, वडिलांच्या शेवटच्या नोंदीखालीं, लिहून ठेवतों.