गायकाचा गळा आणि उच्चार

इटलींत गायनाच्या शिक्षणाचा पाया भाषेंतील स्वरवर्णांवर असतो. इटालियन लिपींत स्वर पांच असले तरी उच्चारांत ते सात होतात. 'ए' आणि 'ओ' उघडे व मिटलेले असे दोन दोन प्रकारचे आहेत. बहुतेक शब्द स्वरान्त, आणि क, त, प उच्चारतांना श्वास वायां जात नाहीं. ह्यामुळें नाद अखंड राहतो. इंग्रज किंवा जर्मन गायकाला हें वळण मुद्दाम शिकावें लागतें.

मराठी ख्यालगायकाची अडचण ह्याच जातीची आहे. त्याच्या चिजा बहुधा ब्रज वा हिंदी, आणि तोंड मराठी. 'कैसे' हा शब्द मराठी माणूस सहज 'कइसे' असा उच्चारतो. दिल्ली-मथुरेकडे मात्र तेथें 'अ' आणि 'ए' यांच्या मधला एकच स्वर असतो. बोलण्यांत हें खपून जातें. विलंबित लयींत तेंच अक्षर दोन मात्रा लांबविलें, कीं जीभ 'इ'कडे वळते, जबडा मिटूं लागतो आणि आवाज बारीक होतो. 'कौन' मधील 'औ'ची तीच गत. 'जा', 'झनक' ह्यांतील ज, झ मराठी वळणानें दंततालव्य झाले तर कानाला खटकतात, पण तो दोष क्षणाचा. स्वराचा दोष आलापभर टिकतो. तार सप्तकांत 'ई', 'ऊ' आकाराकडे झुकतात, हें खरें. इटलींतही तसें होतें. परंतु ही सवलत गळ्याची आहे, अज्ञानाची नव्हे.

उलट बाजूही आहे. १९१६ सालीं 'स्वयंवर' नाटकासाठीं भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालाच्या चिजांवर मराठी पदें बसविलीं. ब्रजाच्या मऊ अक्षरांच्या जागीं जोडाक्षरें आलीं. 'मन', 'घर' ह्यांतील शेवटचा 'अ' बोलतांना गळतो, पण गातांना तो परत आणावा लागतो. प्रेक्षकाला पद कळलें पाहिजे, म्हणून नटाला शब्द गिळतां येत नाहीं.

नागपूर १९५६ पर्यंत मराठी व हिंदी ह्या दोन्ही भाषांच्या प्रदेशाची राजधानी होतें. धरमपेठेंतील मूल घरीं मराठी बोलतें, बाजारांत हिंदी ऐकतें. मात्र ही बाजारी हिंदी स्वतःच मराठी वळणाची. तिच्यावर विसंबणें धोक्याचें! वसंतराव देशपांडे नागपुरांतच शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयांत शिकले. नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजांत घुसली' ह्या १९६७ च्या नाटकांत त्यांनीं खांसाहेब आफताब हुसेन उभे केले. मराठी रंगभूमीवर परभाषिक उस्तादाची वाणी आणि गळा एकाच नटाला सांभाळावा लागला.

विद्यार्थ्यानें चीज गळ्यावर चढविण्यापूर्वी तिचे शब्द नुसते मोठ्यानें वाचावे आणि शेजारच्या हिंदीभाषी माणसाला ऐकवावे. ज्या अक्षरावर तो अडखळेल, तें तंबोऱ्यावर षड्जांत धरून घोटावें.