लक्षणांआधीची सावधगिरी



धाप व पायांवरील सूज ही हृदय दुर्बल झाल्याची उशिराची चिन्हे होत. त्याआधीच हृदयाचा डावा कप्पा क्षीण झालेला असू शकतो. इको तपासणीत ते कळते. प्रत्येक ठोक्यास त्यातील ४० टक्के वा त्याहून कमी रक्त बाहेर पडत असल्यास लक्षणांविनाही उपचार आवश्यक ठरतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सॉल्व्हड’ अभ्यासात, अशा ४,२२८ रुग्णांपैकी एनालाप्रिल घेणाऱ्यांत पुढे हृदय निकामी होण्याचे प्रमाण घटले. आज जोडीस बीटा ब्लॉकरही देतात.

झटका येऊन गेलेल्यांनी ही तपासणी टाळू नये. बरे वाटते म्हणून, अथवा उपवासात, गोळ्या परस्पर थांबवू नयेत. आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. तोटा दिसण्यापूर्वी वही तपासणे, हेच शहाणपण होय.